नित्य वस्तूंच्या रचनेतील अप्रकट हेतू

रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एखादे बारीक भोक, खाच, उंचवटा किंवा सैल जोड असतो. तो शोभेचा, निरुपयोगी, कधी चक्क सदोष वाटतो. पण त्यामागे सुरक्षितता, अचूकता किंवा उत्पादनाची सोय असे ठरावीक कारण असते. अशा कारणांना अप्रकट हेतू म्हणता येईल. ‘गुप्त’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण कोणी काही लपवलेले नसते. रचना आपले काम बिनबोभाट करत राहते म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, किंवा तिचे मूळ काम संपलेले असते आणि ती तेवढी मागे उरते.

दोष वाटणाऱ्या रचनेचे उत्तम उदाहरण म्हणजे मोजमापाच्या पोलादी टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याचा हुक. तो जरासा हलतो, आणि नवी टेप हातात घेणाऱ्याला वाटते की रिव्हेट ढिली झाली. प्रत्यक्षात त्याने स्वतःच्या पत्र्याच्या जाडीएवढेच मागेपुढे सरकावे अशी ती योजना असते आणि त्यासाठी रिव्हेटची भोके मुद्दाम लांबट पाडलेली असतात. फळीच्या कडेला आकडा अडकवून टेप ओढली की तो बाहेर सरकतो आणि माप त्याच्या आतल्या बाजूपासून सुरू होते. चौकटीच्या आत टेप टेकवून दाबली की तो आत सरकतो आणि माप बाहेरच्या बाजूपासून धरले जाते. दोन्ही मापे बरोबर येतात. कुणी शहाणपणा करून रिव्हेट ठोकली आणि आकडा बाहेरच्या स्थितीत घट्ट केला, तर चौकटीच्या आतून घेतलेले प्रत्येक माप पत्र्याच्या जाडीएवढे कमी भरते.

सुरक्षिततेच्या युक्त्या याहून साध्या असतात. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब असते. प्लग खोचताना ती आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते, त्यामुळे वीज आत येण्यापूर्वीच उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडलेले असते. बॉलपेनच्या टोपणाच्या टोकाला असलेले भोक शाई वाळू नये म्हणून असते, असा समज आहे. खरे कारण वेगळे: मुलाने टोपण गिळताना ते श्वासनलिकेत अडकलेच, तर भोकातून थोडी तरी हवा जात राहावी. ‘बिक’ कंपनीने १९९१ पासून आपल्या टोपणांना असे भोक ठेवले. त्याच पेनाच्या नळीवरचे बारीक भोक मात्र आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी असते. कुलपाच्या तळाशी, किल्लीच्या भोकाशेजारी दिसणारे छिद्र आत शिरलेले पाणी बाहेर पडायला उपयोगी पडते. तेलही तिथूनच सोडता येते.

काही रचना आपल्या मूळ कामापेक्षा जास्त जगतात. नाण्याच्या कडेवरच्या उभ्या रेघा याचा नमुना. नाणी चांदी-सोन्याची असताना लबाड लोक त्यांच्या कडा कातरून धातू साठवत आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला खपवत. रेघा किंवा अक्षरे असलेली कड कातरली की चोरी लगेच उघडी पडे. याचे श्रेय अनेकदा आयझॅक न्यूटनला दिले जाते, ते बरोबर नाही: तो लंडनच्या टांकसाळीत आला १६९६ मध्ये, आणि यंत्रावर पाडलेल्या, कड कोरलेल्या इंग्लिश नाण्यांची सुरुवात १६६२ मधली. त्या मोठ्या चांदीच्या नाण्यांच्या कडेवर ‘डेकस एट टुटामेन’, म्हणजे ‘शोभा आणि संरक्षण’, असे लॅटिन शब्द असत. आपले काम स्वतःच सांगणारी अशी रचना विरळाच. आज नाण्यात कातरण्याजोगे काही उरलेले नाही, तरी रेघा टिकल्या आहेत आणि दृष्टिहीनांना स्पर्शाने नाणे ओळखायला त्यांची मदत होते. जीन्सच्या पुढच्या खिशातला छोटा खिसाही असाच, साखळीच्या घड्याळासाठी शिवलेला. घड्याळ मनगटावर गेले, खिसा राहिला.

या विषयात दंतकथांचा सुळसुळाट फार आहे. टूथपेस्टच्या नळीच्या तळाशी असलेल्या रंगीत चौकोनावरून आतला माल नैसर्गिक की रासायनिक ते कळते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्य नाही. ती खूण कारखान्यातल्या प्रकाश-संवेदकासाठी असते; नळी कुठे कापायची आणि बंद करायची हे यंत्राला तिच्यावरून समजते. रंग पार्श्वभूमीवर ठळक दिसला म्हणजे झाले. कोटाच्या बाहीवरच्या बटणांची गोष्टही तशीच: सैनिकांनी बाहीला नाक पुसू नये म्हणून ती लावायला लावली, असे कधी नेपोलियनबद्दल सांगतात, कधी प्रशियाच्या फ्रेडरिकबद्दल. या आख्यायिकेची गरजच नाही. चांगल्या शिवणीच्या काही कोटांत ही बटणे आजही उघडतात आणि बाही वर दुमडता येते.