वजनाच्या आकड्यामागची रेघ

आठ महिन्यांची दोन बाळं, दोघांचंही वजन साडेसात किलो. एक गेल्या तीन महिन्यांत किलोभर वाढलंय, दुसरं तिथेच थांबलंय. आज काट्यावर दोघं सारखीच दिसतील, पण लक्ष द्यायला हवं ते दुसऱ्याकडे. मागच्या नोंदी नसतील तर हा फरक कळणारच नाही.

एकाच मुलाची वाढ सातत्यानं टिपण्याचं सगळ्यात जुनं प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधलं. फिलिबेर गेनो द मोंबेयार यांनी 1759 साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, ती थेट 1777 पर्यंत. निसर्गअभ्यासक ब्यूफाँ यांनी त्या नोंदी छापल्या. एका बापाची ही चिकाटी आजही वाढीच्या अभ्यासात दाखल्यासारखी सांगितली जाते.

एकोणिसाव्या शतकात भर आला तो एकाच वेळी पुष्कळ माणसं मोजण्यावर. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी वजन आणि उंचीचा वर्ग यांचं नातं मांडलं. त्यालाच पुढे, 1972 मध्ये, बीएमआय (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) हे नाव मिळालं. मुलांच्या बाबतीत मात्र हा आकडा वयाप्रमाणे हलतो: पहिल्या वर्षी चढतो, नंतर पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. त्यामुळे मोठ्यांची मर्यादा मुलांना लावणं चूकच.

नोंदवही दवाखान्यातून घरात आणली ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मोर्ली यांनी. नायजेरियातल्या खेड्यात काम करताना त्यांनी वाढीचं कार्ड आईच्याच हाती दिलं. दर खेपेला वजन करायचं, त्या महिन्याच्या रकान्यात ठिपका द्यायचा, आधीच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ वर चालली तर ठीक, आडवी झाली तर चौकशी करायची, खाली वळली तर तातडीनं उपाय. मूल डोळ्यांना बारीक दिसू लागण्याआधीच रेघ आडवी होते, आणि अक्षरओळख नसलेल्या आईलाही ते दिसतं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

पण ठिपके कार्डावरच्या ज्या छापील, अपेक्षित वाढ दाखवणाऱ्या रेषांशी ताडून बघायचे, त्या काढल्या कुणाच्या बाळांवरून? 1977 च्या अमेरिकी तक्त्यांतली लहान बाळांची मापं ओहायोतल्या एका अभ्यासातली होती, आणि ती बाळं बहुतेक बाटलीच्या दुधावरची. जागतिक आरोग्य संघटनेनं तेच तक्ते जगभर वापरायला दिले. अंगावर पिणारी बाळं सुरुवातीला झपाट्यानं वाढतात, मग त्यांचा वेग कमी होतो. त्या तक्त्यावर मात्र निरोगी बाळही तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घसरल्यासारखं दिसे. अशा वेळी आईला आपलं दूध पुरत नाही असं वाटणं आणि वरचं दूध लवकर सुरू होणं साहजिक होतं. दोष तिचा नव्हता, तक्त्याचा होता.

दुरुस्तीला वेळ लागला. 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली सुमारे 8,500 मुलं मोजली गेली. ती अंगावर पिणारी होती आणि त्यांच्या आया धूम्रपान न करणाऱ्या होत्या. त्यावरून 2006 मध्ये पाच वर्षांपर्यंतची नवी मानकं आली. सहाही देशांतल्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढलेली आढळली.

पाच ते एकोणीस वर्षांसाठीचे तक्ते 2007 मध्ये आले, पण त्यासाठी मुलं नव्यानं मोजलेली नाहीत. 1977 च्याच मापांची नव्यानं मांडणी करून ती पाचव्या वर्षाशी सांधली आहे. त्यात वयानुसार वजनाचा तक्ता दहाव्या वर्षीच थांबतो. वयात येताना उंची एकदम वाढते आणि नुसत्या वजनावरून काही ठरवता येत नाही, म्हणून तिथून पुढे वयानुसार बीएमआय पाहतात.