चौथ्या दिवशीचा पिवळा थर

सुंतेनंतर पट्टी सुटते आणि चौथ्या दिवशी माणूस जखम पहिल्यांदा नीट न्याहाळतो. टाक्यांच्या रेषेवर पिवळसर, चिकट थर. खालच्या बाजूला फुग्यासारखी सूज. कडेला जांभळे डाग. ‘पू धरला वाटते बावा’ म्हणत तो स्वतःच इलाज सुरू करतो, आणि खरा बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. आशाताईंना हे सांगायचं कसं, बायकोलाही सांगायचं कसं! बाळंतपणाची चौकशी सारं गाव करतं, या दुखण्याची कोणी करत नाही.

मोठेपणी सुंता म्हटलं की लोकांना आधी धर्म आठवतो. दवाखान्यातली कारणं बरेचदा निराळी असतात. कोणाची पुढची कातडी मागे सरत नाही, कोणाच्या कातडीला सारख्या चिरा पडतात. चाळिशी-पन्नाशीत अशा चिरा नव्यानं पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी. लघवीतून जाणारी साखर पुढच्या कातडीखाली राहते आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना याच वाटेनं कळतं. साखर चढलेली असेल तर जखमही रेंगाळते, कारण जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तेव्हा मंदावतात.

तर तो पिवळा थर. कातडी कापली की रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) जखमेच्या तोंडाशी गोळा होतात आणि फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. त्या जाळ्यात पाझरलेला द्रव अडकून जो थर जमतो, तोच हा. पहिल्या एक-दोन दिवसांत तिथं न्यूट्रोफिल पेशी जंतू मारायला येतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मॅक्रोफेज येतात, ते मेलेलं सगळं गिळून जागा साफ करतात. थोडी लाली, ऊब, ठणका ही याच कामाची खूण. नव्या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या याच जाळ्याचा आधार घेत वाढतात. म्हणजे थर घासून काढणं हे बांधकाम चालू असताना परांची ओढून घेण्यासारखं आहे.

जखम ‘सुकली पाहिजे’ हाही आपला जुना आग्रह. ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा तपासल्या. उघड्या ठेवलेल्या जखमांपेक्षा पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगानं आली. कातडीच्या पेशी ओलाव्यावरून सरकतात. कडक खपली आड आली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. डॉक्टर मलम लावलेली जाळीदार पट्टी देतात ती यासाठी. चिकटलेली पट्टी ओढू नये, कोमट पाण्यानं भिजवून सोडवावी. पुढं डॉक्टरांनी आंघोळीला हो म्हटलं की साधं पाणी ओतावं आणि स्वच्छ कापडानं टिपून घ्यावं. पुसायचं नाही, टिपायचं.

वावरातला कापूस घरात असतोच, पण तो लावू नये. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ लेप असतो, तो पाणी शोषत नाही, शिवाय तंतू टाक्यांत अडकतात. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. राख आणि शेण तर दूरच ठेवा: धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणातच टिकून असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावं. पाणी न मिसळलेलं सॅव्हलॉन जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं.

सूज खालच्या बाजूलाच का येते? कातडी कापताना लसीका (पेशींमधलं जादा पाणी) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही कापल्या जातात. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाणी साचतं, आणि ते सैल कातडीत खाली उतरतं. दोन-तीन आठवडे सूज राहू शकते. मोकळी हवा लागावी म्हणून पुष्कळजण नुसती लुंगी नेसून फिरतात, त्यानं सूज वाढते. अंगासरशी चड्डी घालून लिंगाचं टोक पोटाकडे वर ठेवलेलं बरं.

रात्रीचा त्रास मात्र खरा असतो. झोपेच्या स्वप्नावस्थेत निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्यात ना दोष, ना ‘धातू जाणं’. टाके ताणले जाऊन जाग आली तर उठून लघवी करावी, चार पावलं चालावं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी इथं वेगळा इशारा. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, हा आजार बराच आढळतो आणि त्यात ताठरता उतरतच नाही असं होऊ शकतं. चार तासांहून जास्त राहिली तर रात्र असो की दिवस, रुग्णालय गाठावं. आजार असल्याचं शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावं.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. पट्टी स्वच्छ, गोळ्या वेळेवर, आणि तोंडात खर्रा, हे चित्र आपल्याकडे नवं नाही. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला मिळणारं रक्त घटतं. निदान जखम भरेपर्यंत तरी पुडी खिशात नको.

खरा पू घट्ट असतो, त्याला घाण वास येतो. ठणका दिवसेंदिवस कमी व्हायचा तो वाढतो, लाली ओटीपोटाकडे पसरते, ताप येतो. असं झालं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जावं. रक्त आलं तर स्वच्छ गॉजनं सलग दहा मिनिटं दाबून धरावं, मध्येच उघडून बघू नये. थांबलं नाही तर निघावं.

विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात, ओढायचे नाहीत. पण वरून भरलेली जखम आतून कच्चीच असते. तिसऱ्या आठवड्यात तिची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या भागाएवढी, सहाव्या आठवड्यात निम्म्याच्या आसपास. सहा आठवडे शरीरसंबंध नको, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. तोवर मोटारसायकल आणि पाठीवरचा फवारणीचा पंपही डॉक्टरांना विचारूनच.

कातडी पांढरी, कडक पडली म्हणून सुंता केली असेल, तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवला का, हे जरूर विचारावं. लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असेल तर तो पुढं लघवीच्या छिद्रापर्यंत पसरू शकतो. वर्ष-दोन वर्षांनी धार बारीक झाली, तर ‘जखम कधीच भरली’ म्हणून गप्प न बसता पुन्हा दाखवावं.