दोन शाहू, दोन विनायक भावे, तीन रमाबाई : मराठीतल्या नामसाधर्म्याची पार्श्वभूमी

‘शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं’ आणि ‘शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या’ ही दोन्ही विधानं खरी आहेत. पहिली गोष्ट १७१३ची, दुसरी १९०२ची. पहिले शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव. रायगड पडल्यावर १६८९ मध्ये ते मोगलांच्या कैदेत गेले, १७०७ मध्ये सुटले आणि पुढच्या वर्षी सातारच्या गादीवर बसले. दुसरे शाहू जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि तिथे त्यांचं नाव शाहू ठेवलं गेलं. दोघेही भोसले, दोघेही छत्रपती. भाषणांत, फलकांवर, परीक्षेच्या पेपरांत दोघांची सरमिसळ सर्रास होते. कोल्हापूरच्या शाहूंना कानपूरच्या कुर्मी समाजाने १९१९ मध्ये ‘राजर्षी’ ही पदवी दिली. ती दिली गौरवासाठी, पण आज दोन शाहूंना वेगळं ठेवण्याचं काम मुख्यतः तीच करते.

एकाच नावाची दोन मोठी माणसं हा आपण योगायोग समजतो. महाराष्ट्रात तो बऱ्याचदा योगायोग नसतो, कारण नाव पुन्हा यावं म्हणूनच ते ठेवलं जात असे. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, अकाली गेलेल्या भावाचं नाव मुलाला द्यायचं, आणि दत्तक आलेल्या वारसाला गादीवरच्या आधीच्या कर्त्या पुरुषाचं. शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंचं नाव संभाजी, पुत्राचं नाव संभाजी, आणि पुढे राजाराम महाराज व राजसबाईंचा मुलगा, जो कोल्हापूरच्या गादीवर बसला, तोही संभाजी. सातारच्या शाहूंचं पाळण्यातलं नावही आजोबांवरून शिवाजीच होतं. पेशव्यांच्या घरात बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब.

मग माणसं एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची? वडिलांच्या नावाने. आपण आज ‘पहिला बाजीराव’, ‘दुसरा बाजीराव’ म्हणतो ते पुढच्या इतिहासकारांनी घातलेले अनुक्रमांक आहेत. त्या काळचे कागद बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ अशी नावं घेतात. बल्लाळ म्हणजे बाळाजींचा मुलगा, रघुनाथ म्हणजे राघोबादादांचा. पानिपतानंतर राज्य सावरणारे ते माधवराव बल्लाळ, आणि नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली वाढलेले सवाई माधवराव ते माधवराव नारायण. मला ही पद्धत अनुक्रमांकांपेक्षा सरस वाटते. आकडा फक्त क्रम सांगतो. वडिलांचं नाव त्या माणसाचं घर सांगतं, आणि पेशवाईच्या भाऊबंदकीत कोण कोणाचा मुलगा यावर किती गोष्टी ठरल्या हे निराळं सांगायला नको.

संतांच्या बाबतीत ही सोय नव्हती. तिथे आडनाव चालत नाही, वडिलांचं नाव अभंगात येत नाही. असते ती फक्त शेवटच्या चरणातली नाममुद्रा. एकनाथांनी आपल्या नावाला गुरूंचं नाव जोडलं, ‘एका जनार्दनी’, त्यामुळे त्यांची रचना लगेच ओळखू येते. तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा लावतात, म्हणून दोघा भावांचे अभंग एकाच गाथेत असूनही वेगळे काढता येतात. नामदेवांच्या वाट्याला मात्र मोठा गुंता आला. संत नामदेव १२७० ते १३५० या काळातले. ते स्वतःला ‘नामा’ म्हणवतात, आणि काही ठिकाणी ‘विष्णुदास नामा’, म्हणजे विष्णूचा दास नामा. पुढे एकनाथांच्या काळात दुसरा एक कवी होऊन गेला. त्याची ओळखच विष्णुदास नामा. महाभारतावर ओव्या रचणारा हा कवी निराळा, पण त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. हस्तलिखितं उतरवून घेणाऱ्याला समोर ‘नामा’ दिसला की तो कोणत्या शतकातला हे विचारण्याचं कारण नव्हतं. अभ्यासकांना मग भाषेच्या वयावरून, शब्दांच्या रूपांवरून, कवितेत आलेल्या उल्लेखांवरून एकेक रचना तपासावी लागली. ‘ज्ञानेश्वरी’ लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वादही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने उभा केला होता. सर्वसाधारण मत एकच ज्ञानदेव मानतं. पण असा वाद उभा राहू शकला याचं कारणही हेच, की नाममुद्रेत नावाखेरीज दुसरी खूण नाही.

इंग्रजी अमदानीत शाळेचे दाखले, मुलकी नोंदी, नोकरीचे अर्ज आले आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही तीनपदरी चौकट पक्की झाली. तिचा उपयोग किती, हे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यामुंबईकडे पाहिलं की कळतं. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी, गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले. विष्णुशास्त्री तर एकाच वेळी दोन. विष्णुशास्त्री पंडित विधवाविवाहासाठी झटत होते आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाले’तून सुधारकांवर तुटून पडत होते. ‘विष्णुशास्त्री म्हणतात’ एवढंच लिहिलं तर मत नेमकं उलट माणसाच्या तोंडी जाऊ शकतं.

विनायकांची गोष्ट त्याहून मासलेवाईक आहे. विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) ठाण्याचे. जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास ‘महाराष्ट्र सारस्वता’त मांडणारे, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी. विनायक नरहरी भावे (१८९५–१९८२) गागोद्याचे. ‘गीताई’ लिहिणारे, भूदानासाठी देशभर पायी फिरणारे विनोबा. नाव आणि आडनाव तंतोतंत सारखं. फरक फक्त मधल्या नावाचा. मधलं नाव तरी वेगळं असेलच असंही नाही. विनायक दामोदर सावरकर सगळ्यांना माहीत आहेत. ‘ब्रह्मचारी’चे दिग्दर्शक मास्टर विनायक यांचं पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. इथे आडनाव मदतीला आलं म्हणून बरं.

आडनावही सारखं आणि आद्याक्षरंही सारखी, असं झालं की ग्रंथालयं अडचणीत येतात. गणेश वासुदेव जोशी (१८२८–१८८०) म्हणजे सार्वजनिक काका. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक, दिल्ली दरबाराला खादी नेसून गेलेले, वासुदेव बळवंत फडक्यांच्या खटल्यात बचावासाठी उभे राहिलेले वकील. गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११) अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांचे आर्थिक लेख त्याच सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात येत, आणि गोखल्यांना आकडेवारी पुरवणारे तेच. इंग्रजीत दोघेही जी. व्ही. जोशी. एकच संस्था, एकच नाव. त्रैमासिकाचे जुने अंक चाळणाऱ्याने सन नीट पाहिलं नाही, तर १८८० मध्ये निवर्तलेल्या गृहस्थांच्या खात्यावर नंतरचे लेख सहज टाकले जातील. मराठीत ‘ग. वा.’ आणि ‘ग. व्यं.’ लिहिलं की प्रश्न मिटतो. कोसंबी पितापुत्रांचंही तसंच. वडील धर्मानंद दामोदर, बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. मुलगा दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार. आजोबांचं नाव नातवाला दिल्यामुळे इंग्रजी आद्याक्षरांत दोघेही डी. डी. कोसंबी झाले.

लोकांनी मात्र कागदांची वाट पाहिली नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने पदव्या आणि घरगुती नावं वापरली, आणि ती पुन्हा सारखी निघाली. रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पायगोंडा पाटील हे कर्मवीर. आंबेडकरी चळवळीतले, भूमिहीनांसाठी लढलेले दादासाहेब गायकवाड हेही कर्मवीर, आणि त्यांचंही खरं नाव भाऊरावच, भाऊराव कृष्णाजी. शिवाय दादासाहेब म्हटलं की फाळके आठवतात. अण्णासाहेब म्हणजे ‘शाकुंतल’कर्ते किर्लोस्कर, महर्षी कर्वे की माथाडी कामगारांचे नेते पाटील, हे ऐकणारा कोण यावर अवलंबून.

हे सगळं पुरुषांचं झालं. स्त्रियांच्या नावांची परवड फार मोठी, आणि तिच्याकडे नामसाधर्म्याची गोष्ट म्हणून आपण फारसं पाहिलेलं नाही.

लग्नाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, हा आपल्याकडचा जुना विधी. ही नवी नावं निवडली जात ती देवतांच्या आणि मंगल अर्थाच्या मोजक्या नावांतून : लक्ष्मी, रमा, सरस्वती, पार्वती, आनंदी. त्यामुळे वेगवेगळ्या घरांतल्या मुली सासरी जाऊन एका नावाच्या होत. झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका तांबे. १८४२ मध्ये गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. रेव्हरंड टिळकांच्या घरी येऊन त्याही लक्ष्मीबाई झाल्या. एक १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणांगणावर पडली, दुसरीचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला. दोघींची माहेरची नावं जवळजवळ एक, सासरचीही एक. त्या सारखेपणात त्यांच्या स्वतःच्या इच्छेचा वाटा काहीच नव्हता.

उलटंही घडलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या आणि रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. लग्नाने एकीला आनंदी केलं, दुसरीला रमा. पुढे कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि गोदूबाईंचं नाव आनंदी ठेवलं. म्हणजे आनंदीबाई जोशी, आनंदीबाई कर्वे, आणि त्यांच्या आधी ‘ध चा मा’च्या आख्यायिकेतल्या आनंदीबाई पेशवे.

रमाबाईंच्या नावात एका काळाची जवळजवळ सगळी उलथापालथ सामावलेली आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) जन्मापासून रमाच. डोंगऱ्यांची ही मुलगी संस्कृतात पारंगत झाली आणि १८८२ मध्ये पुण्याला येऊन तिने आर्य महिला समाज काढला. त्या समाजात जाऊ लागलेल्या रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाल्या. एका रमाबाईंच्या व्याख्यानाला दुसऱ्या रमाबाई जात होत्या, आणि त्यापायी त्यांना घरातल्या बायकांचे टोमणे ऐकावे लागत होते. त्या काळच्या पत्रांत, आठवणींत नुसतं ‘रमाबाई’ आलं की आगापीछा पाहिल्याशिवाय अर्थ लावता येत नाही. तिसऱ्या रमाबाई बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, १९३५ मध्ये गेलेल्या. लाखो घरांत ‘रमाई’ म्हटलं की त्याच डोळ्यांसमोर येतात, आणि तिथे दुसरा खुलासा लागत नाही. ताराबाईही अशाच तीन : औरंगजेबाशी झुंजणाऱ्या महाराणी ताराबाई, १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, आणि कोसबाडला बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक.

पुरुषाचं मधलं नाव जन्मापासून मरेपर्यंत तेच राहतं. स्त्रीचं लग्नानंतर बदलतं, आडनाव बदलतं, पूर्वी पहिलं नावही बदलत असे. मग तिने लग्नाआधी लिहिलेला मजकूर आणि नंतर लिहिलेलं पुस्तक एकाच बाईचं हे सूचीकाराने कशावरून ओळखावं? बाळूताई खरे, १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर आणि मालती विश्राम बेडेकर ही तीन नावं एकाच लेखिकेची. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून तिन्ही धागे जुळले. ज्या प्रसिद्ध नव्हत्या त्यांचे धागे सुटलेलेच राहिले, आणि हे नुकसान कोणत्याही दोन पुरुषांच्या सरमिसळीपेक्षा मोठं आहे.

आजच्या काळात मधलं नाव पुन्हा गळतंय. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर, बातम्यांत नाव आणि आडनाव एवढंच येतं. शरद जोशी म्हटलं की मराठी माणसाला शेतकरी संघटनेचे, स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेले शरद अनंतराव जोशी (१९३५–२०१५) आठवतात. हिंदी वाचकाला उज्जैनचे व्यंग्यकार शरद जोशी (१९३१–१९९१) आठवतात. लिपीही एकच असल्यामुळे नुसतं नाव पाहून काहीच उलगडत नाही.

मतपत्रिकेवर याची किंमत मतांत मोजावी लागते. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला नऊ हजारांहून अधिक मतं पडली. नामसाधर्म्याचा असा घोळ देशभर होत असल्याने निवडणूक आयोगाने मे २०१५ पासूनच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवारांचं छायाचित्र छापायला सुरुवात केली.

नावाच्या चौकटीत अलीकडचा मोठा बदल महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये केला. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. यापुढे दोन विनायक भाव्यांचे वडीलही एकाच नावाचे निघाले, तरी आईच्या नावाने ते वेगळे काढता येतील. विवाहित स्त्रीच्या नोंदीत मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव हीच जुनी पद्धत चालू ठेवली आहे. मालमत्तेच्या कागदपत्रांत लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तिला दिलेली आहे.