लाइन लागते, पण सर्व्हरच्या पलीकडे काही दिसत नाही
डायल-अप सर्व्हर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“मोडेम लागतो, पासवर्ड घेतो, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही.” महिनाअखेरीला येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात. आणि फोन येईपर्यंत सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करून झालेला असतो. कृपया तेवढं करू नका. रीस्टार्टने हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते शोधायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

शाखेच्या संगणकाचा मोडेमवरून फोन आला की ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवरचा एमगेटी (फोन उचलणारा प्रोग्राम) तो उचलतो आणि पीपीपीडी (फोन लाइनवर नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) दोन्ही टोकांना पत्ते देतो. सर्व्हरवर पीपीपी-० नावाचा इंटरफेस, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचं टोक, उभा राहतो. इथे मोडेमचं काम संपलं. यापुढे अडलं तर मोडेम बदलून काहीही होणार नाही.

उदाहरणासाठी सर्व्हर १९२.१६८.१.१०, अकाउंट्सचं मशीन १९२.१६८.१.२० आणि शाखेला मिळालेला पत्ता १९२.१६८.१.५१ धरू. शाखेतून आधी सर्व्हरला पिंग करा (उत्तर मिळतं का ते बघायची कमांड), मग अकाउंट्सच्या मशीनला. नाव टाकू नका, आकडेच टाका. नाहीतर डीएनएसची (नावावरून पत्ता शोधण्याची) भानगड यात मिसळते. सर्व्हरनेच उत्तर दिलं नाही तर दोष शाखेच्या सेटिंगमध्ये किंवा लाइनमध्ये शोधा. सर्व्हर बोलतो पण अकाउंट्सचं मशीन गप्प, तर राउटिंग (डेटाला पुढचा रस्ता दाखवणं) बिघडलंय. बहुतेक वेळा असंच असतं.

पहिली शंका आयपी फॉरवर्डिंगची. एका इंटरफेसवर आलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) दुसऱ्यावर पुढे धाडायचं काम लिनक्स आपणहून करत नाही, ते चालू करावं लागतं. प्रॉक फाइलसिस्टिममधल्या (इथे लिनक्सची चालू सेटिंग दिसतात) आयपी-फॉरवर्ड या फाइलीत ० असेल तर १ लिहा. परिणाम लगेच दिसतो. मात्र रीस्टार्टनंतर पहिले पाढे पंचावन्न, म्हणून मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सिसकंट्रोलच्या कॉन्फ फाइलीतही ती ओळ हवी. आम्ही ती घालूनच मशीन देतो, पण लिनक्स नव्याने टाकलं की ती जाते. १ असूनही पाकिटं जात नसतील तर फायरवॉलची फॉरवर्ड चेन (पुढे जाणाऱ्या पाकिटांचे नियम) बघा. लिनक्सच्या २.२ कर्नलवर त्यासाठी आयपीचेन्स ही कमांड, २.४ वर आयपीटेबल्स.

आता खरी गंमत. पाकीट अकाउंट्सच्या मशीनपर्यंत पोचतं, पण उत्तर परत येत नाही. शाखेचा पत्ता १९२.१६८.१ मधलाच असल्यामुळे अकाउंट्सच्या मशीनला वाटतं की हा कुणी याच हबवरचा (ऑफिसातले संगणक जोडणाऱ्या डब्यावरचा) आहे. ते नेटवर्कवर ओरडून विचारतं, ‘५१ कोण?’ (या विचारण्यालाच आर्प म्हणतात.) आणि ५१ तर फोनच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास किलोमीटरवर बसलेला. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प (ये-जा करणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावलात तर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसेल, उत्तराची एकही ओळ नाही. उपाय प्रॉक्सी आर्प. पीपीपीच्या ऑप्शन्स फाइलीत तो पर्याय टाकला की सर्व्हर ५१ च्या वतीने उत्तर देतो. शेजारच्यांच्या दाराला कुलूप दिसलं की ‘द्या इकडे, मी देईन त्यांना’ म्हणणाऱ्या काकू असतात ना, तसंच.

पण काकू फक्त आपल्याच वाड्यातल्यांचं टपाल घेतात. शाखेला तुम्ही १९२.१६८.५ मधला पत्ता दिलात तर प्रॉक्सी आर्प चालत नाही. इथरनेटचा पत्ता ठरवता आला नाही, अशी तक्रार लॉगमध्ये येते. मग १९२.१६८.५.० कडे जायचा रस्ता १९२.१६८.१.१० वरून आहे, असा स्थिर राउट ऑफिसच्या राउटरवर टाकावा लागतो. राउटरच नसेल तर प्रत्येक मशीनवर. दोन-तीन शाखा असतील तर आम्ही सांगू, शाखांना ऑफिसच्याच रेंजमधले (पत्त्यांच्या गटातले) पत्ते ठेवा आणि हा व्याप टाळा.

एका ग्राहकाच्या गोदामाने आमचे दोन दिवस खाल्ले. सर्व्हरवर सगळं जागच्या जागी. शेवटी प्रत्यक्ष गेलो तर टेबलाखाली नवा हब, त्याला दोन संगणक, आणि दोघांचे पत्ते १९२.१६८.१ मधलेच! गोदामाचा संगणक अकाउंट्सच्या मशीनला त्या हबवरच शोधत होता. गोदामाच्या त्या हबवरची रेंज १९२.१६८.७ केली आणि पाच मिनिटांत काम झालं. शाखेत नवं काही जोडण्याआधी एक फोन करा, एवढीच विनंती.

डायल-इनच्या ऑप्शन्स फाइलीत डिफॉल्ट राउटचा (दुसरा रस्ता माहीत नसेल तेव्हा धरायच्या रस्त्याचा) पर्याय कधीही टाकू नका. त्या क्षणी सर्व्हरकडे दुसरा डिफॉल्ट राउट नसला, तर बाहेर जाणारं सगळं शाखेच्या फोन लाइनवर जायला बघतं.

वेगाबद्दलही विचारणा होते. मोडेमवर ५६के छापलेलं असलं तरी दोन साध्या फोन लाइनींमध्ये ३३.६ किलोबिटच्या वर वेग मिळत नाही. ५६ साठी एक टोक डिजिटल लागतं. त्याला आम्ही काही करू शकत नाही.

आम्हाला फोन करण्याआधी सर्व्हरवरून चार गोष्टी फ्लॉपीवर घ्या: इंटरफेसची यादी, राउटिंग टेबल, आर्प टेबल (कुठला पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डाचा याची यादी) आणि मेसेजेस लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी. राउटची कमांड एन पर्यायासह द्या, नाहीतर ती नावं शोधत बसते आणि मशीन अडकलं असं वाटतं. हे सगळं लाइन चालू असतानाच घ्या. लाइन तुटली की पीपीपीचा राउट टेबलातून निघून जातो आणि त्यानंतर काढलेलं टेबल आमच्या काही कामाचं नसतं.