मिग ॲली की मिग ॲली एस? नावात एक शब्द, मध्ये १६ वर्षं

"जुना मिग ॲली गेम कुठे मिळेल?" असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, कुठला? कारण दोन आहेत आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आकाश तेवढं एकच, उत्तर कोरियाचा वायव्य कोपरा, जिथे यालू नदी समुद्राला मिळते आणि कोरियन युद्धात अमेरिकन सेबर आणि सोव्हिएत मिग-१५ ही लढाऊ विमानं एकमेकांवर तुटून पडायची, त्यालाच मिग ॲली म्हणायचे. (मिग म्हटलं की आपल्याला ओझरचा कारखाना आठवतो, पण तिथे बनलेली ती मिग-२१, ही मिग-१५ तिची आजी.)

तर मिग ॲली एस हा १९८३चा, मायक्रोप्रोज या अमेरिकन गेम कंपनीचा, बनवणारा अँडी हॉलिस. चालायचा अटारीच्या ८-बिट कॉम्प्युटरवर, पुढे कमोडोर ६४ या तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरवरपण आला. मायक्रोप्रोजच्याच सिड मायरने आधी हेलकॅट एस आणि स्पिटफायर एस हे विमानांचे गेम केले होते, हा त्याच घराण्यातला, पण यात दोघांना एकाच वेळी उडता यायचं आणि सगळी मजा तिथेच आहे. आता मल्टिप्लेअर म्हटल्यावर नेट, सर्व्हर असलं काही डोक्यात आणू नका, टीव्ही एकच, त्याचे दोन भाग, एकात तुमचं विमान दुसऱ्यात मित्राचं, आणि दोघांच्या हातात एकेक जॉयस्टिक. वाटलं तर दोघं मिळून कॉम्प्युटरच्या मिगच्या मागे लागा, नाहीतर सरळ एकमेकांच्या. आणि मित्राची बाजू तुम्हाला सतत दिसतच असते ना, त्यामुळे तो वर चढतोय की गुपचूप तुमच्या मागे येतोय हे त्याच्याच खिडकीतून कळतं, अर्थात तुमचंही त्याला कळतं, मग भांडण ठरलेलं, "माझ्याकडे बघू नकोस!" विमान म्हणजे जेमतेम चार ठिपके, तरी तळहाताला घाम.

नुसता मिग ॲली म्हणजे १९९९चा, रोवन सॉफ्टवेअर नावाच्या ब्रिटिश कंपनीचा, विंडोज पीसीवरचा. हा वेगळाच प्राणी. सेबर आहेच, शिवाय मस्टँग, एफ-८० वगैरे, आणि कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या मोहिमेत, कुठला पूल पाडायचा, कुठली रसद तोडायची हे पण तुम्हीच ठरवायचं. विमान चुकीचं ओढलंत की हवेतच रुसतं. मल्टिप्लेअर यातही आहे पण नेटवर्कवरून, ज्याचा त्याचा पीसी वेगळा, म्हणजे शेजारी बसून कोपर मारायची सोय नाही. एकट्याने रात्रभर बसायचं असेल तर हाच घ्या, माझं काही म्हणणं नाही.

भावाबरोबर खेळायचं असेल तर मात्र एस शोधा. आज एम्युलेटरवर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालतो, फक्त दोन गेमपॅड जोडा, एकाच कीबोर्डवर दोघं बसलात तर मिग राहील बाजूला, आधी बोटंच एकमेकांवर आदळतील.