प्रतिद्रव्य आणि ऋण वस्तुमान: वर कोण पडेल?

गुरुत्वाकर्षणाच्या उलट वागणारी वस्तू म्हटलं की दोन नावं हमखास निघतात आणि बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरली जातात: प्रतिद्रव्य आणि ऋण वस्तुमान. पहिलं खरोखर अस्तित्वात आहे. दुसरं आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या कणांच्या जुळ्या कणांचं द्रव्य; त्यात उलटा असतो तो विद्युतभार. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९२८ सालच्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, दिसला. त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकंच, आणि तेही धनच. याची साक्ष रुग्णालयातल्या पेट स्कॅन या तपासणीत रोज मिळते. तिथे पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटून नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण निघतात. पॉझिट्रॉनचं वस्तुमान ऋण असतं, तर बेरीज शून्य झाली असती आणि यंत्राला टिपायला काहीच उरलं नसतं.

तरीही प्रतिद्रव्य खाली पडतं की वर, हे प्रत्यक्ष पाहायला २०२३ उजाडलं. गुरुत्वाकर्षण फार दुबळं. भारित कणाला जवळपासचं किरकोळ विद्युतक्षेत्रही भलतीकडे नेतं. म्हणून जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 'अल्फा' गटाने विद्युतभार नसलेले प्रतिहायड्रोजनचे (हायड्रोजनच्या प्रतिद्रव्यातल्या जुळ्याचे) अणू उभ्या चुंबकीय सापळ्यात धरले आणि वरची-खालची चुंबकीय कुंपणं हळूहळू उतरवली. सुमारे ८० टक्के अणू खालून बाहेर पडले, साध्या हायड्रोजनकडून अपेक्षा असते तसेच. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

आता ऋण वस्तुमान, म्हणजे शून्याहूनही कमी वस्तुमान. समजा, उणे एक किलोचा दगड आहे. पृथ्वी त्याच्यावर बल लावेल ते वरच्या दिशेने. पण वस्तुमानच ऋण, म्हणून त्वरण बलाच्या उलट, म्हणजे खाली! हा दगडही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग याच त्वरणाने पडेल. गंमत पुढे आहे: तो हवेत स्थिर धरायचा तर त्याला खाली ओढत राहावं लागेल. उजवीकडे ढकललात तर तो डावीकडे, तुमच्या हातावरच येईल.

म्हणजे वर जायला पडणारा दगड ऋण असून भागत नाही. पृथ्वी ऋण असती, तर मात्र साधा दगड आणि ऋण दगड दोघेही वर गेले असते.

भौतिकशास्त्रज्ञ हर्मन बाँडी यांनी १९५७ मध्ये यातली सर्वांत विलक्षण जोडी मांडली. अंतराळात धन आणि ऋण असे सारख्याच वस्तुमानाचे दोन गोळे शेजारी ठेवा. ऋण गोळा धन गोळ्याला दूर लोटतो, पण स्वतः त्याच्याकडे ओढला जातो. एक पळतो, दुसरा पाठलाग करतो, अंतर तेवढंच राहतं आणि वेग वाढतच जातो. इंधन नाही, धक्का नाही, तरी संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) एकूण बदलू न देणारा नियम मोडत नाही: एकाचा संवेग धन, दुसऱ्याचा तेवढाच ऋण, बेरीज कायम शून्य.