अकरा वाजले की ट्रॅक्टर थकतो

"सकाळी वाघासारखा चालते, अन् अकरा वाजले का मरून जाते," मावसभाऊ फोनवर सांगत होता. काटोल रोडला त्याचं लग्नाचं लॉन आहे. नागपुरात लॉन म्हटलं की मांडव आधी आणि गवत नंतर. पण या पठ्ठ्याने खरोखर दोन एकर गवत राखलंय आणि ते कापायला परदेशातून आलेला जुना, सेकंडहँड गार्डन ट्रॅक्टर घेतलाय. पोटाखाली पाती, गिअरचा दांडाच नाही, फक्त एक पेडल. पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. मिस्त्रीने बघून "पंप गेला" म्हणत चाळीस हजारांचा आकडा सांगितला होता. मी म्हटलं, पंप झिजलाही असेल, पण झीज काही घड्याळ बघून येत नाही. सकाळपासून अकरापर्यंत बदलतं ते तेल.

या ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दात्यांचे गिअर बदलावे लागत नाहीत, ते काम तेल करतं. त्याला हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणतात, बोलीत नुसतं हायड्रो. आत एक पंप आणि एक मोटर, दोघांमध्ये तेलाचे दोन रस्ते. पंपाचा ठोकळा रिव्हॉल्वरच्या चकरीसारखा असतो, गोळ्यांच्या जागी छोटे पिस्टन. चकरी फिरते तेव्हा पिस्टनांची टोकं एका तिरक्या तबकडीवर घासत जातात. तबकडी जितकी तिरकी तितका पिस्टन आत-बाहेर जास्त सरकतो, तितकं तेल जास्त. हापशाचा दांडा अर्धाच हलवला तर पाणी अर्धंच येतं, तसं. तबकडी सरळ झाली की दांडा हलतच नाही, ट्रॅक्टर उभा. उलट्या बाजूला झुकली की तेल उलट वाहतं आणि गाडी मागे जाते. पायाखालचं पेडल फक्त ही तबकडी झुकवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम्स आणि जॅनी या अमेरिकन अभियंत्यांनी ही युक्ती युद्धनौकेच्या तोफा फिरवायला वापरली होती. आज त्याच युक्तीवर वरातीआधीचं गवत कापलं जातं.

आता मुख्य गोष्ट. पिस्टन आणि त्याच्या भोकामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर तो अडकेल. ही फट चांगल्या पंपात केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असते. तेवढ्यातूनही तेल निसटतं आणि जितकं निसटतं तितकं चाकापर्यंत पोचत नाही. किती निसटेल, ते मुख्यतः फट आणि तेलाचा घट्टपणा यांवर ठरतं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जुना पंप हळूहळू थकत नाही. बरीच वर्षं बरा चालतो आणि मग एकाच उन्हाळ्यात बसतो.

तेल तापलं की पातळ होतं, हे खोबरेल वापरणाऱ्याला सांगायला नको. या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलने सांगितलेल्या २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलचा घट्टपणा ४० अंशांना साधारण १६० ते १७० सेंटिस्टोक (हे घट्टपणाचं माप) असतो, १०० अंशांना जेमतेम १८. म्हणजे फट तीच, पण गळती जवळपास नऊपट. त्यात नागपूरचा मे महिना. काम करताना या पंप-मोटरची पेटी भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंश जास्त तापत असेल, तर पंचवीस अंशांच्या गावात ती ७५वर थांबते, आपल्या ४५ अंशांत ९५वर. गळतं ते तेल घर्षणाने आणखी तापतं, तापल्याने आणखी पातळ होतं, पातळ झाल्याने आणखी गळतं. हे चक्र एकदा सुरू झालं की अकरा वाजतात.

मी गेलो तेव्हा लगेच पाना उचलला नाही. आधी फुकटातल्या शंका काढल्या. पेटीच्या मागे एक बायपासची कळ असते. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर ढकलायचा तर ती ओढतात, मग तेलाचे दोन्ही रस्ते एकमेकांना जोडले जातात आणि दाब तयार होत नाही. धुताना कुणी ती ओढून तशीच ठेवली तर इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. शिवाय कळ उघडी असताना उतारावर हायड्रोचा ब्रेकही राहत नाही. आमची बंद होती. पट्टा सैल नव्हता, चाक आसाला पक्कं धरणारी लोखंडी चावी तुटलेली नव्हती.

मग पुढे-मागे चालवून पाहिलं. ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते. पुढे जाताना एका रस्त्यात दाब असतो, मागे जाताना दुसऱ्यात आणि प्रत्येक रस्त्याला आपला झडपेचा गोळा असतो. फक्त एकाच दिशेला दम जात असेल तर पंपावर आळ घेण्याआधी त्या बाजूची झडप बघावी, कचरा अडकला असण्याची शक्यता मोठी. आमचा दोन्हीकडे सारखाच थकत होता.

खाली वाकलो तर कारण डोळ्यांसमोर होतं. पेटीच्या पंख्याची दोन पाती तुटलेली आणि थंड होण्यासाठी दिलेल्या खाचांमध्ये वाळलेलं गवत, तेल आणि धूळ यांची एक घट्ट गोवरी बसलेली. खुरपीने काढली तेव्हा ती सबंध निघाली, खाचांचे ठसे घेऊन. माळीकाका बाजूला उभे होते. "आता सांगा, यानं कसा श्वास घेतला असन?" म्हणाले.

तेल काढलं तर पाण्यासारखं पातळ. गेल्या वर्षी कुणीतरी जेसीबीच्या डब्यातलं हायड्रॉलिक ऑइल ओतलं होतं, ४६ नंबरचं. त्या नंबराचा अर्थच ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक. म्हणजे मॅन्युअलने सांगितलेल्या २०डब्ल्यू-५०च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. "ऑइल म्हंजे ऑइल" हे वाक्य मी मिस्त्र्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता भांडत नाही, डब्यावरचा नंबर दाखवतो. काढलेलं तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं. तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, चमकणारे कण नव्हते, म्हणजे आत काही तुटल्याची खूण नव्हती.

तेल बदलल्यावर हवा काढावीच लागते. तेल दाबलं जात नाही म्हणून ते जोर पोचवतं. हवेचा बुडबुडा दाबला जातो आणि जोर खाऊन टाकतो. मागची चाकं हवेत, खाली लाकडी ठोकळे, बायपास उघडा, इंजिन मंद, पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे. मग बायपास बंद करून पुन्हा तेच. सुरुवातीला पेटी कण्हते, नंतर आवाज गोल होतो. मग पातळी बघून थोडं तेल वाढवायचं.

पंखा यायला पंधरा दिवस लागले. साडेअकराला पेटीवर लेझर थर्मामीटर धरला, आधी ९७ दाखवत होता, आता ७९. कुंपणाकडचा चढ ट्रॅक्टर चढतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी अजून दम लागतो, कारण फट होती तेवढीच आहे, तेलाने ती भरत नाही. पिस्टनचं काम चातुर्मासात करायचं ठरलंय, तेव्हा लग्नं नसतात. गवत मात्र नेमकं तेव्हाच गुडघ्याएवढं होतं, म्हणून मावसभाऊ अजून तारीख देत नाही.